सहा इंचांचा एक ठिपका

चित्र बघून बाबांनी पहिला प्रश्न केला, "भरलेली की रिकामी?"

पडद्यावर 'यमाल' होती. रशियाची अणुशक्तीवर चालणारी आइसब्रेकर, म्हणजे बर्फ फोडत वाट काढणारी बोट. काळं अंग, वर केशरी मजले आणि नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, दात विचकलेला शार्कचा जबडा. दीड महिना मी ती एकेक ठिपका ठेवत काढत होते. ज्याला ज्याला दाखवली त्याने आधी जबड्याचंच विचारलं होतं. बाबांनी जबड्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांचं बोट पाण्याच्या रेषेवर होतं.

बाबा बत्तीस वर्षं गोव्यात खनिजाच्या बार्जवर होते, त्यातली शेवटची अठरा सारंग म्हणून. सावर्ड्याला माल भरायचा, जुवारीतून खाली यायचं, मुरगावला मोठ्या जहाजात रिकामा करायचा आणि परत फिरायचं. भरलेली बार्ज इतकी खाली बसते की डेकवर पाणी यायचंच काय ते बाकी असतं. रिकामी असली की लाल पोट दाखवत डुलत जाते. वास्कोतलं शाळकरी पोरही लांबून सांगेल कुठली भरलेली नि कुठली रिकामी. २०१२ साली खाणी बंद पडल्या, बार्ज नांगरून ठेवली, आणि तिच्याबरोबर बाबाही घरी नांगरले गेले.

"माहीत नाही," मी म्हटलं.

"मग काढलीस कशी?"

या प्रश्नाने मला पुढे आठ दिवस कामाला लावलं. पण आधी हा नाद लागला कसा ते सांगते.

मी एका शिपिंग एजंटच्या ऑफिसात कागदपत्रं बघते. दिवसभर जहाजांची नावं, लांबी, रुंदी, मालाचा वजनकाटा. जहाज मात्र क्वचितच दिसतं. आमचं घर सड्याच्या उताराला आहे. वर हेडलँड सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे, १९९८ पासून. खाली नारळ, घाम, माशांचा वास, आणि वर डोंगरावर अंटार्क्टिकाच्या मोहिमा आखणारी माणसं. त्यात विनोद आहे हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. लहानपणी बर्फाकडे जायचा रस्ता आमच्याच बंदरातून जातो असं वाटायचं. आणि ते खरंही होतं. भारताची पहिली मोहीम ६ डिसेंबर १९८१ला मुरगावहूनच निघाली. 'पोलर सर्कल' नावाचं नॉर्वेचं भाड्याचं जहाज, एकवीस माणसं, आणि ९ जानेवारी १९८२ला ती बर्फावर उतरली. गाजावाजा नाही, काही नाही.

बाबा तेव्हा नुकते खलाशी म्हणून लागले होते. ते छातीठोकपणे सांगतात की त्यांनी ते जहाज पाहिलं. "लाल होतं," म्हणतात. गेल्या चवथीला "पांढरं होतं" म्हणाले. एकदा तर निळंही झालं होतं. म्हणून 'पोलर सर्कल' माझ्या फोल्डरमध्ये अजून तीन रेघांचीच आहे. साक्षीदाराची जबानी फिरतेय.

पिक्सेल आर्ट म्हणजे काय हे मी आईला समजावायला बसले, तर तिने कपाटातून मॅटीच्या कापडाचा टेबलक्लॉथ काढून पुढ्यात टाकला. क्रॉस स्टिचमध्ये भरलेला मोर. "हेच ना?" हेच. चौकोन मोजायचे, प्रत्येक चौकोनात एकच रंग, अर्धा टाका नाही. मला वळणं जमत नव्हती. नाळेची गोलाई काढली की जिन्यासारखी दिसायची. आईने मोराची मान दाखवली. वळण जिथे सपाट आहे तिथे चार टाके सरळ, मग एक पायरी वर आणि तीन, मग दोन, मग एक, एक, आणि उभं व्हायला लागलं की तसंच उलट मोजत. चार, तीन, दोन, एक. मधेच चार, दोन, तीन केलं की डोळा अडखळतो. माझ्या नाळेत नेमकं चार, दोन, तीन, एक, दोन असं चाललं होतं. आईने चष्मा लावून पडदा बघितला आणि म्हणाली, "उसव आणि परत घाल."

ज्या पद्धतीने मी काढते त्यात एक पिक्सेल म्हणजे सहा इंच. एक फूट म्हणजे दोन पिक्सेल. जगातली कितीतरी माणसं जहाजं याच मापाने काढतात, त्यामुळे कोणाचंही जहाज कोणाच्याही शेजारी ठेवलं की खरा आकार कळतो. बाजूने दिसणारं पूर्ण जहाज काढायचं, पाण्याखालच्या भागासकट. बाह्यरेषा एक पिक्सेलची, काळी. रंग मोजके. कडा कुठेही धूसर करायच्या नाहीत. पेन्सिलचं टोक एका पिक्सेलचं ठेवायचं आणि ब्रश नावाच्या हत्याराला हात लावायचा नाही, कारण तो रेघेच्या दोन्ही अंगांना परवानगी न विचारता करडी पूड सांडतो.

सहा इंच हे विचित्र माप आहे. साडेपाच फुटांचा माणूस अकरा पिक्सेलचा होतो. डेकच्या कठड्याची उंची मीटरभर, म्हणजे साडेसहा पिक्सेल. आता सहा धरायचे की सात? अर्धा पिक्सेल नसतो. फुटभर व्यासाची गोल खिडकी दोन बाय दोनचा चौकोन होते, आणि गंमत म्हणजे लांबून बघितलं की ती गोलच दिसते. पण नऊ इंचांची खिडकी? दीड पिक्सेल. इथे तुम्ही खोटं बोलायला शिकता. सगळ्या लहान खिडक्या एक पिक्सेलच्या करायच्या, म्हणजे मोठ्या खऱ्या वाटतात.

माझी पहिली मोठी घोडचूक मापाचीच. 'यमाल' १४८ मीटर लांब आहे, म्हणजे ९७१ पिक्सेल. मी कुठल्याशा तक्त्यातून १३६ मीटर उचलले आणि ८९२ पिक्सेलची चौकट आखून कामाला लागले. दोन्ही आकडे बरोबर आहेत. १३६ ही पाण्याच्या रेषेवरची लांबी, आणि १४८ टोकापासून टोकापर्यंतची. आइसब्रेकरची नाळ वर पुढे झुकलेली असते आणि पिछाडीही पाण्याबाहेर मागे येते, त्यामुळे दोन्हींत बारा मीटरांचा फरक पडतो. दिवसभर जहाजांच्या लांब्या कागदावर चढवणाऱ्या बाईने ही चूक करावी! मला ती कळली कधी, तर पिछाडीचा हेलिकॉप्टर डेक बसेना तेव्हा. मी आधी क्रेन आत ढकलली, मग होडी आत ढकलली, मग मजलाच चार पिक्सेल अरुंद केला, आणि तरी बसेना. बसमध्ये सगळे सरकतात आणि तरी शेवटचा माणूस दारात लटकतो तसं. तीन आठवड्यांचं काम पुसलं.

फोटोंचाही भरवसा नसतो. फोटो घेणारा नाळेच्या बाजूला उभा असला की पुढचं मोठं आणि मागचं लहान येतं. म्हणून फोटोतली अशी वस्तू शोधायची जिचं माप पक्कं माहीत आहे. डेकवर वीस फुटी कंटेनर दिसला की मला आंबा सापडल्यासारखं होतं. वीस फूट, चाळीस पिक्सेल, सरळ हिशेब, आणि कंटेनर तर मी रोजच कागदावर मोजते. त्यावरून शेजारच्या दाराचं माप, दारावरून जिन्याचं, जिन्यावरून मजल्याचं. बहिणी, म्हणजे एकाच वर्गातल्या बोटी, आणखी फसवतात. 'यमाल'च्या वर्गातली पहिली 'आर्क्तिका' १९७५ची, 'यमाल' १९९२ची. लांबून जुळ्या, जवळून सावत्र. एक अख्खी शिडी मी भलत्याच बहिणीच्या फोटोवरून काढली होती.

तिथूनच आणखी एक गोष्ट कळली. जहाजाचं चित्र काढायचं तर साल ठरवावं लागतं. 'यमाल'च्या नाळेवरचा जबडा १९९४मध्ये मुलांच्या एका सफरीसाठी रंगवला आणि लोकांना आवडला म्हणून तसाच राहिला. म्हणजे जबडा हवा असेल तर १९९३ची 'यमाल' काढता येत नाही. 'क्रासिन' या जुन्या आइसब्रेकरचं तर विचारूच नका. १९२८मध्ये नोबिलेच्या कोसळलेल्या 'इतालिया' हवाईजहाजाची माणसं तिने बर्फावरून सोडवली. मग १९५०च्या दशकात तिची इतकी दुरुस्ती झाली की तोंडवळाच बदलला. आज सेंट पीटर्सबर्गला संग्रहालय म्हणून उभी आहे ती जुन्या फोटोतली 'क्रासिन' नव्हे. जुनी काढायची की नवी, या वादात मी माझ्याशीच दोन महिने हरले आणि ती सोडून दिली.

नाळेवर मात्र मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि तो वाया गेला नाही.

साध्या जहाजाची नाळ पाणी कापते. आइसब्रेकरची नाळ बर्फ कापत नाही. मला आधी तसंच वाटायचं, सुरीसारखं काहीतरी. पण आराखड्यात बघितलं तर पाण्याच्या रेषेपाशी नाळ एकदम तिरकी पडते, जवळजवळ झोपते. साधारण वीस ते तीस अंश. मी म्हटलं, हा बोथट उतार काय फोडणार?

ते कळलं खारीवाड्याच्या जेटीवर. रविवारी सकाळी मासे आणायला गेले होते. ट्रॉलरसाठी बर्फाच्या लाद्या टेम्पोतून उतरत होत्या. एक माणूस आकडीने लादी ओढत होता. त्याला अर्धीच हवी होती. दुसरा कोणीतरी पहारीने वरून ठोकत होता, तर नुसते तुकडे उडत होते, लादी जागच्या जागी. या माणसाने ती टेम्पोच्या फळीवरून अर्धी बाहेर सरकवली आणि लोंबत्या टोकावर पाय ठेवला. जोर लावला नाही, नुसतं वजन टाकलं. काड्! सरळ रेषेत दोन भाग.

मी पापलेटांची पिशवी हातात धरून तिथेच उभी. बर्फाला दाबलं तर तो दाद देत नाही, वाकवलं की मोडतो. आइसब्रेकर नेमकं हेच करते. तिरक्या नाळेने बर्फाच्या कडेवर चढते आणि हजारो टनांचं अंग त्यावर टाकते. मोडलेले तुकडे पोटाच्या गोलाईवरून बाजूला आणि खाली जातात. १८९८मध्ये रशियन ॲडमिरल मकारोव यांच्या कल्पनेवरून इंग्लंडात न्यूकॅसलला 'येरमाक' बांधली, तेव्हापासून ध्रुवाकडच्या जाड बर्फाशी असंच चाललंय. मकारोव यांना कोळशाच्या वाफेवर जे जमलं तेच पुढे 'लेनिन' नावाच्या आइसब्रेकरने अणुभट्टीवर केलं. इंजिन बदललं, चढून बसायची रीत तीच.

घरी येऊन मासे ओट्यावर ठेवले आणि लॅपटॉप उघडला. पिक्सेलमध्ये दोन पुढे, एक वर अशी रेघ काढली की साडेसव्वीस अंशांच्या आसपास कोन होतो. दोन, एक, दोन, एक. पिक्सेल आर्टमधली सगळ्यात स्वच्छ तिरकी रेघ हीच, न अडखळणारी. ती माझ्या नाळेवर ठेवली तर आराखड्यावर जवळपास जशीच्या तशी बसली. त्या दिवशी मासे उशिरा तळले गेले आणि त्यावरून बोलणीही खाल्ली.

नाळेच्या खाली, पाण्यात, कण्याच्या पुढच्या टोकाला एक उभा दात असतो. जहाज बर्फावर चढताना फार चढून अडकू नये म्हणून. पिछाडीला पंख्यांच्या मागे सुकाणू, आणि सुकाणूच्या वर एक शिंग, मागे जाताना बर्फ आधी त्यावर आपटावा म्हणून. 'यमाल'ला तीन पंखे. बाजूने बघताना अलीकडचा पंखा मधल्याला झाकतो की मधला मागे थोडा बाहेर दिसतो, यावर मी एक संध्याकाळ घालवली. चित्रात त्याचे मिळून नऊ पिक्सेल आहेत.

आता बाबांचा प्रश्न. भरलेली की रिकामी?

मी पाण्याची रेषा एका सुंदर फोटोवरून घेतली होती. पुन्हा नीट बघितलं तेव्हा कळलं की त्या फोटोत बोट बर्फावर चढलेली आहे. नाळ उचललेली, पिछाडी बसलेली. मी ती तिरकी बोट सरळ करून घेतली आणि रेषा मात्र तीच ठेवली. त्यामुळे पुढून पोट जास्त दिसत होतं. 'यमाल' साधारण ११ मीटर पाण्यात बसते, म्हणजे ७२ पिक्सेल. माझी बोट ६५वर तरंगत होती. बाबांना ते आकडे न बघता दिसलं.

मी त्यांना सांगितलं, की ही कायम भरलेलीच असते. डिझेलची बोट तेल जाळत जाते तशी हलकी होऊन वर येते, हिच्या भट्टीतलं इंधन वर्षानुवर्षं पुरतं आणि वजनाला फरक पडत नाही. तिचं वजन हेच तिचं हत्यार, म्हणून ते कमी होऊन चालत नाही.

बाबांनी थोडा वेळ विचार केला. "आणि अडकली तर?"

बऱ्याच आइसब्रेकरांच्या दोन्ही कुशींत पाण्याच्या टाक्या असतात. या कुशीतून त्या कुशीत पाणी झपाट्याने सोडायचं, बोट कुशीवर डोलते आणि बर्फाची पकड सुटते.

"आम्ही वाळूत रुतलो की भरतीची वाट बघायचो," बाबा म्हणाले. "विडी ओढत."

मग ते पोटाची गोलाई निरखू लागले. पोटाच्या कडेला लांब पट्टी नाही हे त्यांना खटकलं. साध्या जहाजाला ती डोलणं कमी करायला असते. इथे असती तर बर्फानेच उपटून काढली असती. "म्हणजे उघड्या समुद्रात ही लोळणार," ते म्हणाले. लोळतेच. आइसब्रेकरवरची माणसं बर्फात निवांत असतात, मोकळ्या पाण्यात आजारी पडतात. आणि या वर्गाच्या बोटी तर उष्ण समुद्रात येऊच शकत नाहीत, त्यांच्या भट्ट्या थंड पाण्यावर निवतात. मुरगावला 'यमाल' कधीही यायची नाही. हे ऐकून बाबा किंचित खूश झाले असं मला वाटलं. एखादं स्थळ आपणच नाकारावं तसे.

दुसरी बोट मी अमेरिकेची 'पोलर स्टार' घेतली, ती केवळ फुटांच्या लोभाने. ३९९ फूट, दुप्पट केलं, ७९८ पिक्सेल, संपलं. १९७६ची बोट, लाल अंग, पांढरे मजले. पंख्यांचा व्यास १६ फूट, म्हणजे ३२ पिक्सेल. इथे मला रंग भरताना एक अपघात झाला. रंगाची बादली नावाचं हत्यार असतं. बंद चौकटीत टिचकी मारली की आतला भाग भरतो. मी अंगाचा लाल निवडला, टिचकी मारली, आणि अख्खा समुद्र, आकाश, कागद, सगळं लाल. बाह्यरेषेत कुठेतरी एका पिक्सेलची फट राहिली होती.

"गळतेय," बाबा मागून म्हणाले. मग आम्ही दोघं गळती शोधायला बसलो. आठपट मोठं करून नाळेपासून पिछाडीपर्यंत, तळातून, तुकडा तुकडा. बाबा बार्जचा तळ तपासतात तसे शांतपणे, घाई न करता. मी दोनदा तिच्यावरून पुढे गेले. त्यांनीच धरली, सुकाणूच्या शिंगापाशी. "गळती नेहमी सांध्याला असते," म्हणाले. त्याच शोधात एक काळा पिक्सेलही सापडला जो कितीही पुसला तरी जाईना. तो पडद्यावरचा धुळीचा कण होता. ओल्या फडक्याने गेला.

लाल रंगाचं सांगायचं तर लाल एक नसतो. मी तीन ठेवले. वरच्या अंगाला उजेडाचा, मधला, आणि खालच्या वळणाला सावलीचा. सावलीचा म्हणजे नुसता काळपट करायचा नाही, थोडा जांभळ्याकडे न्यायचा, नाहीतर कोकमाचं आगळ सांडल्यासारखं दिसतं. दोन रंगांच्या मधे बुद्धिबळाच्या पटासारखे ठिपके टाकून लांबून तिसरा रंग भासवता येतो. मी एकदा हौसेने सगळ्या अंगावर तसे टाकले. बोटीला देवी आल्यासारखं झालं. आता तसे ठिपके फक्त बर्फावर टाकते.

कारण बर्फ पांढरा नसतो, हेही मला उशिरा कळलं. पांढरा वरचा भुसभुशीत हिमाचा थर. मोडलेल्या कडेला आत निळा, पाण्याजवळ हिरवट. खारीवाड्याच्या लादीतही नीट बघितलं तर मधोमध दुधी आणि कडेला काचेसारखं असतं. नियमाने जहाजाच्या बाजूच्या चित्रात बर्फ काढायचा नसतो, पण मला राहवेना. 'पोलर स्टार' सहा फूट जाडीच्या बर्फातून ३ नॉटच्या वेगाने न थांबता जाऊ शकते, आणि मागे येऊन धडक, मागे येऊन धडक असं करत २१ फुटांपर्यंत फोडू शकते. सहा फूट म्हणजे १२ पिक्सेल. एकवीस म्हणजे ४२. मी नाळेपुढे ४२ पिक्सेलचा बर्फ काढला आणि हात आखडला. आकडा वाचताना काही वाटलं नव्हतं. तो बर्फ चित्रात उभा राहिला तेव्हा बोट त्याच्यापुढे बिचारी वाटायला लागली.

हे चित्र फ्रेम करायचं म्हणून मी मडगावच्या एका छपाईवाल्याकडे दिलं. त्याने ते कागदाला पुरावं म्हणून ताणलं. पिक्सेलचं चित्र दुप्पट, तिप्पट, चौपट असंच मोठं करायचं असतं, सव्वादोनपट केलं की प्रत्येक ठिपका शेजारच्याच्या अंगावर सांडतो. वर त्याने "क्लिअर करून दिलंय मॅडम" म्हणून कडा गुळगुळीतही केल्या होत्या. पैसे दिले, काय करणार. व्हॉट्सॲपवर मावशीला पाठवलं तेव्हाही तेच, प्रत्येक रेघेभोवती मळकट छटा. आता पीएनजी फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवते, आणि मावशी विचारते की हे उघडायचं कसं.

'पोलर स्टार' पूर्ण झाली त्या रात्री पाऊस होता आणि वीज दोनदा जाऊन आली होती. लॅपटॉपच्या बॅटरीवर मी शेवटचे कठडे घालत होते. सहा की सात पिक्सेल, या वादात सात जिंकले होते. बाबा जेवून आले, खुर्ची ओढून बसले. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "माणूस कुठाय?"

बाजूच्या चित्रात माणसं नसतात, मी म्हटलं.

"मग कोण चालवतंय?"

मी एक माणूस काढला. अकरा पिक्सेल उंच, तीन रुंद. वर तांबूस चेहरा दोन पिक्सेलचा, खाली केशरी जॅकेट, निळी पँट, बुटांचे दोन काळे. हाताला प्रत्येकी एकच पिक्सेल. त्याला नाळेवर, सगळ्यात पुढे उभा केला, ४२ पिक्सेलच्या बर्फाकडे तोंड करून. आईही आली, चष्मा कपाळावर सारून बघितलं आणि "छान बसलाय" म्हणून दूध तापवायला गेली.

बाबा बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं आता पुन्हा पाण्याची रेषा.

"याचा हात कुठाय?"

"हा काय, इथे."

"हवेत आहे. बोट आता धडक देणार ना?" त्यांनी स्वतःचा हात पुढे करून टेबलाची कड धरली. "हा पडणार."

मी तो केशरी पिक्सेल उचलला आणि एक घर पुढे, कठड्यावर ठेवला.